पितळेची तिसरी जोडी

(बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. अनंताच्या घराची पडवी, रविवारची दुपार. अनंताच्या उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी आहे. डाव्या डोळ्यालाही धूसरच दिसतं.)

किसन: ...म्हणून म्हणतो वहिनी, हे मी बाहेर कुठे बोललो तर एक माणूस विश्वास ठेवणार नाही. अंबरनाथ स्टेशनाबाहेर उभा राहून शपथ घेतली तरी नाही. म्हणून वांगणीच्या स्पर्धेवरून घरी न जाता सरळ इथे आलो.

मोतीबाई: मागच्या खेपेला पण असंच बोलला होतात, किसनभाऊ. चिखलोलीच्या तलावातल्या माशानं तुमचं घड्याळ गिळलं, आन पाण्यातून गजर वाजला.

किसन: वाजला ना. सव्वासहाला. त्या माशाला फर्स्ट शिफ्टची सवय लागली म्हणे नंतर.

मोतीबाई: म्हणे. कोण म्हणे?

किसन: दुसरा मासा.

अनंता: किसन, मासा ऱ्हाऊ दे. चाकांतली कडी कशी चालली?

किसन: येतो ना तिथे. आधी बिबट्या येऊ दे.

अनंता: बिबट्या मागून. कडी टिकली का नाय, तेवढं सांग.

किसन: मेस्त्री, तिसरा नंबर आला आपला. एकवीस गाड्यांमध्ये तिसरा. ठाण्याची, पनवेलची, कुठकुठली पोरं आली होती. एकेकाच्या गाडीला असले रंग की नवरदेवाची वरात वाटावी. आणि त्यात आपली ती पत्र्याची, करड्या रंगाची, कंपनीच्या पाण्याच्या टँकरसारखी. पहिल्या दगडावर हसले सगळे. तिसऱ्या दगडावर एकही हसत नव्हता.

अनंता: कडी, किसन.

किसन: टिकली. सांगितलं ना. तुझ्या पितळेनंच लाज राखली.

मोतीबाई: ऐकलंत? गुरुवारपासून ह्यांचं येवढंच चाललंय. डॉक्टर सांगतो, आजोबा, वर बघा, हे त्यालाच विचारतात, रविवारी पाऊस पडंल का. मना त अजून समजलं नाय, दोन म्हातारी माणसं आठ महिने एका रिमोटच्या खेळण्याला घेऊन काय बसलीत.

किसन: खेळणं नका म्हणू वहिनी. खेळण्याला खोक्यातून काढलं की ते पळतं. ही खोक्यातून निघाली तेव्हा दोन बॅरलभर... बरं, दोन ताटं भरून स्क्रू होते. मुकेशच्या दुकानात, उल्हासनगरला, ते किट दोन वर्षं पडून होतं. पुस्तक चिनी भाषेत. कोणाला जोडता येईना. मी म्हटलं, मुकेशभाई, फिटर आहे मी. फिटरला पुस्तक लागत नाही, टर्नर लागतो. आणि टर्नर माझ्याकडे आहे, बारवीच्या रस्त्याला.

अनंता: तू त तेव्हा बोललास, त्या पुस्तकात एक पान प्रेमपत्राचं होतं.

किसन: होतंच. सतराव्या पानावर. गिअरबॉक्सच्या खाली.

मोतीबाई: पण दगडावर चढवायचं कशाला, ते सांगा. रस्ता काय वाईट?

किसन: रस्त्यावर कोणीही जाईल. ही गाडी पळतच नाही, मुंगीसारखी चालते. चारही चाकं जोर लावतात. रिमोट आपल्या हातात, आपण दहा पावलं लांब, आणि तिने दगडावर चढायचं. पण चढताना काय होतं, तोंड उचलतं. तोंड उचललं की गाडी उताणी. कासवासारखी.

अनंता: म्हणून वजन पुढं पाहिजे, आन खाली पाहिजे. पुढच्या दोन चाकांच्या आत पितळेचं एकेक कडं. ते मी लेथवर काढलं.

किसन: तीनदा काढलं, ते पण सांग.

अनंता: तीनदा काढलं. लपवायचं काय त्यात? पहिल्या जोडीला ह्यानं खडूची फुली मारली. दुसऱ्या जोडीला पण.

मोतीबाई: आन दुसऱ्या फुलीला तुमी दोन दिवस माझ्याशी बोलला नाय.

अनंता: तुझ्याशी कुठं? मशीनशी बोलत नव्हतो.

किसन: वहिनी, आमच्या कंपनीतल्या शॉपचा रिवाजच तो. टर्नरने जॉब काढायचा, फिटरने बसवायचा. नाही बसला तर फिटरने ओरडायचं नाही, सायबाकडे जायचं नाही. जॉबवर खडूने फुली मारायची, टर्नरच्या मशीनवर ठेवायचा आणि गुपचूप निघून यायचं. एकतीस वर्षांत मी ह्याच्या किती फुल्या मारल्या असतील, अनंता?

अनंता: अकरा.

किसन: मोजल्यात.

अनंता: ह्या दोन धरून तेरा. तिसऱ्या जोडीला फुली आली नाय. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. ऑपरेशनच्या टेबलावर पण मी मनात बोललो, फुली नाय आली. म्हंजे बसलं.

किसन: बसलं म्हणजे... बघणारे बघत राहिले. ते सोड, तू बिबट्याचं ऐक.

मोतीबाई: थांबा, आधी ही पिशवी उचलते पायातून. आई ग, किती जड. काय भरलंय?

किसन: बॅटरी आहे. राहू द्या वहिनी, ठेवा तिथेच, भिंतीला.

मोतीबाई: बॅटरी त गाडीत असंल ना.

किसन: दुसरी. स्पेअर.

अनंता: गाडी कुठाय? दे इकडं मांडीवर.

किसन: मातीची आहे रे सगळी. पट्टी आहे तुझ्या डोळ्याला, धूळ जाईल. दोन दिवसांनी धुऊन आणतो, मग बघ निवांत.

अनंता: बघायची कुठं हाय? बघता येत असतं त तुला एकट्याला धाडलं असतं का? हात लावतो फक्त.

मोतीबाई: घ्या. मी पुसून देते पदरानं. ही घ्या, सांभाळून. चांगली धरा, त्या अंगठ्याला लागंल. बघा किसनभाऊ, ह्यांचा अंगठा बघा, नख काळं झालंय सगळं.

अनंता: काय नाय, हातोडी लागली. हां, किसन, आता आण तुझा बिबट्या.

किसन: तर ऐक. वांगणीच्या त्या फार्महाऊसच्या मागे कोरडा ओढा आहे. सगळे दगडच दगड. त्यात काठ्या रोवलेल्या, दोन काठ्यांमधून गाडी काढायची. काठी पडली की मार्क गेले. शेवटचा दगड सरळ उभा, पुरुषभर उंच. पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं, सासूबाई.

मोतीबाई: का?

किसन: वर कोणी टिकत नव्हतं. वीस गाड्या चढल्या, वीस उताण्या. आपला नंबर शेवटचा. मी रिमोट घेतला. गाडी पायथ्याशी लावली. आणि इतक्यात, वहिनी, ओढ्याच्या वरच्या अंगाने तो आला.

मोतीबाई: भरदुपारी.

किसन: अकरा वाजता. पाणी प्यायला आला असेल, ओढा कोरडा बघून नाराज झाला आणि सासूबाईच्या डोक्यावर बसला. शेपूट अशी खाली सोडलेली, घड्याळाच्या लंबकासारखी. वीसच्या वीस पोरांनी रिमोट टाकले आणि आपापल्या खऱ्या गाड्यांमध्ये जाऊन बसली. काचा वर. मी एकटा उभा.

अनंता: तू कसा पळाला नाय?

किसन: पळणार होतो. पाय तयार होते. पण अंगठा रिमोटवर तसाच गोठला आणि गाडी चढायला लागली. आता गाडी सोडून कसा पळू? आठ महिने घातलेत. म्हटलं, बिबट्या खाईल तर मला खाईल, गाडी पत्र्याची आहे.

मोतीबाई: हे बरं बोललात.

किसन: गाडी चढतेय. मधल्या कपारीत पुढचं चाक अडकलं, चाकं वळवणारा सर्वो कण्हला. सोडवलं. पुन्हा चढली. आणि वर पोचली ती थेट त्याच्या नाकासमोर. हा असा वाकला, वास घेतला. शॉक अॅब्सॉर्बरमधल्या तेलाचा वास आला असणार, शिंकला. मग पुढचा पंजा उचलला आणि ठेवला बॉनेटवर.

अनंता: आन?

किसन: आणि काय. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर गडगडत खाली. पण पुढे तुझी कडी होती ना. अंगठ्याएवढीही हलली नाही. बिबट्याने दाबलं, हिने दाबून घेतलं. शेवटी तोच कंटाळला. बाजूची काठी तोंडात धरली आणि निघून गेला बारवीच्या जंगलाकडे. काठीच गेली म्हणून मार्क कापले, नाहीतर पहिला नंबर होता. आता जज म्हणतो काठी पाडली. मी म्हटलं, सायब, मी पाडली नाही, ती नेली. तो म्हणतो, नियमात नेण्याचं लिहिलेलं नाही.

मोतीबाई: मना त बिबट्या आवडला.

अनंता: मना पण. बिबट्या घेतला मी. मुकेश होता ना तिथं?

किसन: होता म्हणजे. सावलीत खुर्ची टाकून बसला होता.

अनंता: तो काय बोलला? काम आवडलं त वीस जोड्या घेईन बोलला होता, त्याचं?

किसन: बोलला ना. म्हणाला, मेस्त्रीचं काम एक नंबर. वीस काय, चाळीस जोड्या पाहिजेत. फक्त म्हणाला, घाई नको, आधी डोळा ठीक होऊ दे त्यांचा. दोन महिने, तीन महिने. मग बघू.

अनंता: बघू असं बोलला?

किसन: म्हणजे, घेऊ. घेऊ म्हणाला.

मोतीबाई: मग मी आता कल्पेशला फोन लावते. मंगळवारी भंगारवाल्याला आणू नको म्हणून सांगते. किसनभाऊ, तुमाला सांगितलंय का ह्यांनी? पोरानं ठरवलंय, लेथ काढायचा आन त्या खोलीत भाडोत्री ठेवायचा. बोलला, बाबांना दिसत नाय, हात जाईल एखाद्या दिवशी. हे बोलले, रविवारपर्यंत थांब. रविवारी माझं काम चाललं त मशीन ऱ्हाईल, नाय चाललं त तूच घेऊन जा, मी एक शब्द काढणार नाय.

किसन: हे मला माहीत नव्हतं.

अनंता: तुला कशाला सांगू? तू मग सांभाळून घेत बसला असतास. मना खरं पाहिजे होतं.

किसन: मग... खरंच आहे ना. लावा फोन, वहिनी. सांगा कल्पेशला, मशीन कुठे जात नाही. मी सांगतो वाटल्यास.

मोतीबाई: रेंज बघते. पडवीच्या टोकाला येते.

अनंता: किसन, मुकेशला कसं पटलं, ही कडी माझी? त्याच्या दुकानात पण तयार येतात ना अशी, ओतीव.

किसन: अरे, मी गाडी उताणी करून दाखवली त्याला. म्हटलं, हे ओतलेलं नाही, कातलेलं आहे. आणि पुरावा पाहिजे तर हा बघ, आतल्या कडेला ठिपका. अनंता मेस्त्रीचा ठिपका. हा माणूस पंच मारल्याशिवाय जॉब हातातून सोडत नाही. सेकंड शिफ्टवाल्याने आपला जॉब ढापू नये म्हणून सुरुवात केली, ती सवय रिटायर झाला तरी सुटली नाही. मुकेशने बोट लावून बघितला ठिपका.

अनंता: बोट लावून बघितला.

किसन: हे असं. बोट फिरवलं, ठिपक्यावर थांबवलं.

अनंता: दोन्ही कड्यांना?

किसन: दोन्ही.

अनंता: हां. हाय खरा. हा एक. आन हा दुसरा.

किसन: मग? मी काय खोटं सांगतोय? वहिनी, कल्पेश उचलतो का? तोपर्यंत आणखी एक गंमत. मुकेशने मला काय सांगितलं माहितीये? म्हणाला, किसनभाई, दर रविवारी दुकानात येऊन बसा. गिऱ्हाईक किट घेतं आणि जोडता येत नाही म्हणून परत आणतं. तुम्ही जोडून द्या. काचेच्या कपाटाशेजारी टेबल देतो, पंखा देतो.

मोतीबाई: तुमाला एकट्याला?

किसन: दोघांना. दोघांनाच म्हणाला. म्हणजे, आधी मी, मग अनंताचा डोळा बरा झाला की... अनंता, चाक काय चाचपतोस मघापासून?

अनंता: आपलं काय ठरलं होतं, किसन? पहिल्या दिवशी, ह्याच पडवीत?

किसन: कशाचं?

अनंता: गाडीत काय पण बदलायचं त एकमेकाला विचारून. मुकेशचं तयार सामान लावायचं नाय. सर्वो बदलला तेव्हा तू मना विचारलंस. खालचे दांडे प्लास्टिकचे काढून लोखंडाचे केले, तेव्हा मी तुला विचारलं. टायरमधल्या स्पंजाचं पण आपण दोघांनी ठरवलं.

किसन: हो, मग?

मोतीबाई: लागला फोन. रिंग जातेय. काय सांगू, मशीन ऱ्हाऊ दे म्हणून?

अनंता: ठेव फोन.

मोतीबाई: अवो, आता उचलंल तो.

अनंता: ठेव म्हणतो ना, मोती. आन ती किसनची पिशवी सोड.

किसन: वहिनी, कशाला, तेलाचं आहे सगळं आतलं.

मोतीबाई: चार्जर हाय. रुमाल हाय. आन हे... हे त माझ्या लुगड्याचं फडकं. गुरुवारी मीच बांधून दिलं होतं तुमच्या हातात. आत कडी हायत, किसनभाऊ. पितळेची.

अनंता: बोल, किसन.

किसन: अनंता, ऐक. रागावू नको. मुकेश मागे लागला. एन्ट्री त्याच्या दुकानाच्या नावावर होती. म्हणाला, माझी कडी लावलीत तर नाव होईल माझं. टेबलाचं पण तेव्हाच बोलला. मी नाही म्हटलं आधी. खरंच नाही म्हटलं.

अनंता: मग?

किसन: मग मी तुझी लावून बघितली. शुक्रवारी रात्री, घरी. बसवली, चाक फिरवलं. जरा हलत होतं रे. डावीकडचं. केसभर.

अनंता: मग फुली मारायची.

किसन: तुझ्या डोळ्याला पट्टी. त्याच दिवशी ऑपरेशन झालेलं. पट्टी बांधलेल्या माणसासमोर खडूची फुली नेऊन ठेवू? म्हटलं, ह्याला कशाला दुखवा. नंबर आला तर ह्याच्याच नावावर सांगू. म्हणून मुकेशच्या कड्यांवर पण मी पंच मारला, तुझ्यासारखाच, आतल्या कडेला. तुला बोटाला लागावा म्हणून. चांगल्या मनाने केलं मी ते.

मोतीबाई: ह्यांच्या नावाचा ठिपका तुमी मारला?

किसन: वहिनी, तुम्ही तरी समजून घ्या. मी बघितलं ना आधी त्याचं लावून. प्रामाणिकपणे बघितलं. अनंता, तुझी जोडी समोर ठेवली, ठिपका कुठे आहे ते बघितलं, आणि बरोब्बर तिथेच मारला. हात लावून बघ ना, काही फरक आहे का?

अनंता: नाय. फरक नाय. तसाच मारलास, हुबेहूब. दहा वर्षांपूर्वी, कंपनीत असताना मी मारायचो तसा.

किसन: मग झालं तर. आता हे आपल्या तिघांत. कल्पेशला सांगू, चाललं पितळ. मशीन राहील. मी मुकेशला पण पटवतो हळूहळू.

मोतीबाई: त्याचाच फोन येतोय परत. कल्पेशचा. काय करू?

अनंता: देतो मी त्याला उत्तर. थांब. किसन, तू त्या बिबट्याच्या नाकासमोर गाडी नेलीस, मी मानलं. तो शिंकला, मानलं. काठी घेऊन गेला, ते पण मानलं, उद्या कोणी नाय बोललं त भांडलो असतो मी तुझ्यासाठी.

किसन: मग हे पण मान ना.

अनंता: हा अंगठा बघ माझा. बुधवारी जोडी पुरी झाली, पंच धरला, आन हातोडी ह्याच्यावर बसली. दुसऱ्यांदा मारायला हात धजला नाय. तसंच फडक्यात बांधायला दिलं हिला.

किसन: म्हणजे?

अनंता: तिसऱ्या जोडीला ठिपका नाय, किसन. तू गाठ सोडलीच नाय.